मूळ गाव कळवावे

‘आमचे मूळ गाव कोणते ते कृपया लवकर कळवावे.’ खाली आडनाव आणि मोबाईल नंबर. संपलं पत्र. ना गोत्र, ना कुलदैवत, ना आजोबांचं नाव. लिहिणारा कुठला, किती वर्षांचा, त्याला हे आत्ताच का हवंय, कशाचाच पत्ता नाही. अशा चौकशीला मी उलट एकच ओळ पाठवते: ‘तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव आणि ते जिथे वारले ते गाव, एवढं आधी सांगा.’ निम्मी माणसं इथेच गळतात. उरलेल्या निम्म्यांशी माझा पत्रव्यवहार सुरू होतो.

सासरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात निवृत्त होऊन बसलेली मी एकटीच होते. त्या जाडजूड पुस्तकात सून म्हणून माझी नोंद एका ओळीची आहे, माहेरचं आडनाव कंसात. शेवटच्या पानावर संपादक म्हणून मात्र इंदिरानगरचा पत्ता पिनकोडसकट छापला आहे. पुढे पुस्तकाची पानं मोबाईलवरून इकडून तिकडे गेली आणि आमच्या आडनावाशी सुतराम संबंध नसलेली माणसंही विचारू लागली. बंगळुरात मराठी बाई, मोडी वाचते, पैसे घेत नाही, एवढी ख्याती पुरेशी असते.

नोकरीची सगळी वर्षं मी एका सरकारी प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात काढली. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली: माणूस काउंटरवर येऊन जे विचारतो ते त्याला हवं असतंच असं नाही. विमानाच्या पंख्यावरचं पुस्तक मागणाऱ्याला खरं तर एकच आलेख हवा असतो. घराण्याच्या चौकशीतही तेच. मूळ गाव विचारणाऱ्याला गावाशी कर्तव्य नसतं. कुणाचा जमिनीचा दावा चालू असतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत असतं, कुणाचे वडील नुकतेच गेलेले असतात आणि त्यांना विचारायचं राहून गेलेलं असतं. हे तिसऱ्या प्रकारचे लोक सगळ्यात त्रोटक लिहितात. त्यांना मी सगळ्यात लांब उत्तर लिहिते.

चौकशांना हंगामही असतो. पितृपक्ष लागला की पणजोबांचं नाव विचारणारे उगवतात. तर्पणाला वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं लागतात आणि आईच्या माहेरचीही तितकीच, आणि आजकाल दुसऱ्या नावापाशीच गाडी अडते. लग्नसराईत गोत्रवाले. ‘काकू, उद्या सकाळी सातला विधी आहे, गुरुजी गोत्र विचारतायत’, हा निरोप रात्री साडेदहाला येतो. त्याला इतिहास सांगण्यात अर्थ नसतो. माहीत असेल तर दोन शब्दांत सांगायचं, नसेल तर गुरुजींना विचारायला सांगायचं. त्यांच्याकडे अशा अडचणीवरचा तोडगा पिढ्यान्‌पिढ्या तयार असतो. डिसेंबरात परदेशातून आलेले. त्यांच्याकडे पंधरा दिवस असतात आणि त्यात मूळ गाव, कुलदैवत आणि हंपी एवढं बसवायचं असतं.

माझ्या उत्तरांची पद्धत ठरलेली आहे. जे मी स्वतः कागदावर पाहिलं ते काळ्या शाईत, जे कुठल्या छापील पुस्तकात आहे ते निळ्या, आणि जे कुणी तोंडी सांगितलं ते हिरव्या. मेल लिहितानाही रंग तेच. पत्र पूर्ण झालं की नुसतं लांबून बघायचं. सगळं हिरवं दिसत असेल तर ते पाठवायच्या लायकीचं नाही, निदान ‘ही घराण्याची हकीकत’ म्हणून नाही. लोकांना हे रंग आवडत नाहीत. त्यांना एक झाड हवं असतं, वर मूळपुरुष, खाली स्वतः, मधे कुठेही फांदी तुटलेली नको. असं झाड मी कुणाला करून देत नाही. मी सांगते तो पुढचा कागद कुठे सापडेल, कुठल्या कपाटात, कुणाला भेटायचं आणि काय नेमकं विचारायचं. उत्तर देणं म्हणजे माझ्या मते एवढंच. शोध त्यांचा आहे, मी तो त्यांच्या वतीने उरकून टाकला तर त्यांच्या हाती माझा अंदाज राहील आणि तो पुढच्या पिढीत खरा होऊन बसेल.

बंगळुरातल्या चौकशांचा एक खास नमुना आहे. इथला प्रत्येक जुना मराठी माणूस शहाजीराजांबरोबर आलेला असतो. विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ साली केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, आणि पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजांकडे गेलं. १६८७त मोगलांनी ते घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना दिलं. म्हणजे मराठ्यांचा अंमल जेमतेम अर्धशतकाचा. तेवढ्या काळात जितकी घराणी आल्याचं मला कळवण्यात आलं आहे तितकी खरोखर आली असती तर त्या पेठेत पाय ठेवायला जागा उरली नसती. महाराष्ट्रात जसं ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी पानिपतावर पडलेलं असतं, तसंच हे.

मी त्यांना खोटं पाडत नाही. आले असतीलही. पण नंतरही येण्याचे रस्ते पुष्कळ होते. गुत्तीचे मुरारराव घोरपडे, सोंडूरचं घोरपड्यांचं संस्थान, १७९१-९२त टिपूवर चालून आलेल्या हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा. म्हैसूरच्या कारभारातही देशस्थ कारकुनांच्या हातून मराठी आणि मोडी बरीच वर्षं चालत होती. शिवाय तलवार-लेखणी काहीही न घेता, सुई आणि रंगाचं पातेलं घेऊन आलेले शिंपी आणि रंगारी; भावसार क्षत्रियांची कुलदेवता हिंगलाज आज बलुचिस्तानात आहे आणि तिचे भक्त चिकपेठेत. अलीकडचं म्हणावं तर १९४०त वालचंद हिराचंदांनी इथे विमानाचा कारखाना काढला, त्यानंतर कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि मग संगणकांच्या कंपन्यांत आलेले आम्ही. ‘तुम्ही कधी आलात?’ या प्रश्नाचं उत्तर इतक्या थरांतून काढायचं असतं. पण ‘आजोबांचे आजोबा कापड विकायला आले’ हे कुणी आपणहून लिहीत नाही. गायकवाड आडनावाचे एक गृहस्थ तर थेट रजनीकांतपासून सुरुवात करतात, कारण १९५०त याच शहरात जन्मलेल्या त्या माणसाचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. त्यांना मी लिहिलं की आडनाव हे फक्त दार आहे, आत कोण राहतं ते दार सांगत नाही. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.

यातल्या एका चौकशीबद्दल सविस्तर सांगते, कारण तिच्यात बहुतेक सगळं आलं.

चिकपेठेतलं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं, माळा रिकामा करताना पत्र्याची ट्रंक निघाली, तिच्यात मोडीतले कागद. घरातल्या तिशीतल्या मुलाने मला मेसेज केला: ‘आंटी, आमच्याकडे शहाजी महाराजांची सनद आहे.’ हल्ली बंगळुरात घरं पाडली जातात त्या वेगाने कागद बाहेर पडतात आणि त्याच वेगाने रद्दीत जातात. आमच्या इंदिरानगरचंच बघा. सत्तरच्या दशकात आखलेल्या प्लॉटांवरचे बैठे बंगले एकेक करून जातात आणि तिथे रात्री एकपर्यंत चालणारी हॉटेलं येतात. घर रिकामं करायला चार दिवस मिळतात, त्यात ट्रंक उघडून बघायला कुणाला सवड? म्हणून मी त्याला आधी एवढंच कळवलं की काही फेकू नकोस, काही चिकटवू नकोस, सेलोटेप तर अजिबात नाही, आणि ये.

तो शनिवारी आला. घरात मराठी बोलतात, पण ती बंगळुरी मराठी, मधूनमधून कन्नडचा हात धरून चालणारी. देवनागरी त्याला अडखळत वाचता येते, मोडी अर्थातच नाही. कागद एकच आणला होता, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मी तो जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर ठेवला. मोडीत आधी कागदभर रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात, शब्द कुठे संपतो ते डोळ्याला कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा तर विषयच नाही. त्यामुळे नवीन माणसाला पहिल्या ओळीवर भोवळ येते. मी पहिली ओळ सोडून देते. आधी ठरावीक शब्द शोधायचे, म्हणजे कागदाची जात कळते. इथे ते लगेच सापडले. ‘धनको नाम’ आणि थोड्या अंतराने ‘रिणको नाम’. पुढे रक्कम, होनांत. मग व्याजाचा दर, मुदत, शेवटी साक्षी.

म्हणजे सनद नव्हती. कर्जरोखा होता.

त्याचा चेहरा पडला ते मला दिसलं. पण अजून तारीख काढायची होती. ‘शके १७’ मग किड्याने खाल्लेलं भोक, मग ‘१’. पुढे ‘प्रमाथी नाम संवत्सरे’. दशकाचा आकडा गेला तरी हरकत नसते, संवत्सराचं नाव साठ वर्षांनी एकदाच येतं. शके १७०१ घ्या, १७११ घ्या, एकेक करत १७९१पर्यंत जा. त्यात प्रमाथी फक्त १७४१ला बसतं. शके १७४१ म्हणजे १८१९-२०. मी हे त्याच्याकडूनच करवून घेतलं. पंचांगाच्या मागे साठ नावांची यादी असते, ती त्याच्यापुढे ठेवली आणि बोटावर मोजायला सांगितलं. इंजिनियर होता, दोन मिनिटांत मोजलं, आणि तिथे त्याला पहिल्यांदा मजा आली. १६३८ आणि १८१९ यांच्यामध्ये एकशे एक्क्याऐंशी वर्षं आहेत हे त्याचं त्यानेच म्हटलं. मला म्हणावं लागलं नाही.

रिणकोचं नाव त्याच्या माहितीतल्या वंशावळीत सगळ्यात वर होतं. त्याच्याकडे पाच नावं होती: वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांचे वडील. पाचवं नाव आणि कागदावरचं नाव तंतोतंत एक. तो म्हणाला, सापडले. पण पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली तर पाचवा माणूस १८५०च्या आसपास जन्मलेला असणार. १८१९त कर्ज काढणारा तो असू शकत नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. विनायकाचा रामचंद्र, रामचंद्राचा पुन्हा विनायक. त्यामुळे वंशावळी लिहिताना एक जोडी गळून पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण साखळी तशीच दिसते. कर्ज काढणारा हा बहुधा त्या पाचव्याचा आजोबा. ‘बहुधा’ मी हिरव्या शाईत लिहिलं.

मग कागद उलटा केला. पाठीमागे वेगळ्या हाताने, कन्नड अक्षरात एक लहानशी ओळ होती. मला कन्नड बसच्या पाट्यांपुरतं येतं. वाचलं ते त्याने: ‘साल तीरितु.’ कर्ज फिटलं. खरं तर कागद ट्रंकेत होता यावरूनच ते कळायला हवं. रोखा असतो धनकोकडे. तो रिणकोच्या घरात सापडतो याचा अर्थ पैसे चुकते झाले आणि सावकाराने रोखा परत केला. हे त्याला लेखी पाठवलं तेव्हा मी काळ्या शाईत तीनच गोष्टी घातल्या: या नावाचा माणूस १८१९-२०त इथे होता, त्याला बाजारात कुणीतरी उधार देत होतं, आणि त्याने ते फेडलं. सनदेच्या मानाने हे किरकोळ वाटतं. पण सनदा बऱ्याचदा नंतर ‘करून’ घेतलेल्या असतात. फेडलेल्या कर्जाचा रोखा खोटा बनवायची कुणाला गरज पडत नाही.

सनदांचं आणि वंशावळींचं हे प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी इनामं तपासायला घेतली आणि १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनाम खरं की खोटं, मूळ कुणाला मिळालं, आजचा उपभोगणारा त्याचा कोण, हे सिद्ध करायला कैफियत आणि वंशावळ द्यावी लागे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांत बांधलेल्या कोट्यवधी कागदांचं महत्त्व त्या वेळी एकदम वाढलं, कारण दावा तिथल्या हिशेबांशी ताडून बघत. म्हणजे आज आपण ज्या वंशावळी श्रद्धेने उघडतो त्यातल्या पुष्कळशा जमीन वाचवण्यासाठी लिहिलेल्या आहेत. त्यात दत्तक लपवलेला असतो, बिनवारस भाऊ गाळलेला असतो, एखाद्या विधवेचा उल्लेख तेवढ्यासाठीच असतो की तिच्या नावावर काही होतं. कुणी ‘सरकारी रेकॉर्डमधली वंशावळ’ म्हणून मला फोटो पाठवला की माझा पहिला प्रश्न असतो: ही दिली कुणी, आणि ती दिली नसती तर त्याचं काय जात होतं?

राजेरजवाडेही याला अपवाद नाहीत. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळावर अख्खं भोसलेवंशचरित्र मराठीत कोरून घेतलं. घराण्याचा इतिहास देवळाच्या भिंतीवर. ज्यांना भिंत मिळत नाही ते इंदिरानगरला पत्र लिहितात.

२०२३च्या पावसाळ्यानंतर चौकशांचा सूरच बदलला. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात आणि मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागला. आवाज तरुण, घाईत, कधी कधी रडवेला. ‘मॅडम, आमच्या आडनावापुढे कुणबी लिहिलेला एखादा जुना कागद असेल ना तुमच्याकडे?’ इथे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं लागतं की माझ्या पुस्तकाला आणि माझ्या वाचनाला पडताळणीत कवडीची किंमत नाही. लागतात त्या १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीच्या सरकारी नोंदी: शाळेचं जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतला गाव नमुना नंबर चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, भूमी अभिलेखातले कागद; तेही प्रमाणित नक्कल काढून. मोडी वाचून हवं असेल तर पुराभिलेख संचालनालयाच्या पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या कचेऱ्यांत विचारा. गावात ‘आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी एक दिवस स्वतः तहसीलला जाऊन या. एवढं ठरावीक उत्तर मी तयार करून ठेवलं आहे. आरक्षणावर माझं मत काय, असंही काही जण विचारतात. ते मी देत नाही. पण एवढं खरं की एरवी आडनावापलीकडे न जाणारी हजारो घरं त्या हिवाळ्यात पहिल्यांदा पणजीच्या नावापर्यंत पोहोचली. जुन्या नोंदीत बाई असते ती ‘सखूबाई कोम रामजी’ अशी, नवऱ्याच्या नावाला बांधलेली. मुलगे ‘बिन’ने बापाला बांधलेले. हे दोन छोटे शब्द ओळखायला शिकवलं की अर्धं काम माणूस स्वतः करतो.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूरकडच्या माणसाला मी आणखी एक विचारते: तुमच्या गावाला हेळवी येतो का? सुगी झाली की बैलावर बसून येणारा, दारात उभा राहून घराण्याची नावं घडाघडा म्हणणारा, नव्या बाळाचं नाव चोपडीत चढवून पायलीभर धान्य घेऊन जाणारा. शहरातल्या मुलांना तो भिक्षेकरी वाटतो. त्याच्या चोपडीत जे आहे ते दुसऱ्या कुठल्याही कपाटात नाही, कारण त्याने इनाम नसलेल्यांचीही नावं ठेवली. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही तसंच. तिथे गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने गाव, नाव, भावांची-मुलांची नावं लिहून खाली सही केलेली असते. पणजोबांचं अक्षर बघायला मिळण्याची ती बहुधा एकच जागा. फक्त आडनावाने जाऊन उपयोग नाही, उपाध्याय गावावरून ठरतो.

मॉरिशसहून आलेलं एक पत्र, आडनावावर विसंबायचं नाही या नियमामुळेच, सोपं गेलं. लिहिणाऱ्या बाईंचं आडनाव मराठी पुरुषाचं पहिलं नाव होतं. कारण उघड आहे: जहाजातून उतरणाऱ्या मजुराला कारकुनाने बापाचं नाव विचारलं आणि तेच पुढे आडनाव झालं. आडनावावरून कोकणात शोधणं म्हणजे वेळ घालवणं. पण ज्यांच्याकडे काहीच नसतं असं आपण समजतो त्या गिरमिटियांची नोंद आपल्या इनामदारांपेक्षा नीट ठेवलेली आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती दफ्तरं आहेत. नंबर, जहाज, जिल्हा, गाव. मी त्यांना तिकडे धाडलं. गावाचं नाव इंग्रजी कारकुनाच्या कानाने लिहिलेलं मिळालं की मला कळवा, ते मी रत्नागिरीच्या नकाशावर मोठ्याने वाचून बघेन, असंही लिहिलं. कानाने लिहिलेलं कानानेच सुटतं.

काही चौकशांना मी उत्तर देत नाही, किंवा अर्धवट देते. एकाने विचारलं, ‘आमचे आजोबा दत्तक होते का?’ मला ते माहीत होतं, पण तोंडी, एका म्हाताऱ्या काकूंकडून, आणि त्या काकू म्हणजे त्याचीच चुलत आजी. घरात जे सांगितलेलं नाही ते मी इंदिरानगरहून टपालाने का सांगावं? त्याला लिहिलं की चुलत आजी हयात आहेत, त्यांना दिवाळीला भेटायला जा. तेच जर छापील पुस्तकात असतं तर पान नंबर देऊन मोकळी झाले असते. जिवंत माणसांच्या जन्मतारखा मी कुणालाच देत नाही. आपल्या कुलवृत्तांतांत जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, पत्ता, सगळं ओळीने छापायची रीत होती. आणि बँका ओळख पटवायला नेमकं तेच विचारतात. नव्या आवृत्तीत मी हयात मंडळींची फक्त वर्षं ठेवली तर अनेक वडीलधाऱ्यांना तो अपमान वाटला. एकाने तर ‘आम्हाला आताच वारल्यात जमा केलं काय?’ असं सुनावलं.

आणि मग ‘जोडून द्या’वाले. आडनाव तेच, जिल्हा तोच, मधल्या दोन पिढ्या सापडत नाहीत, तर आमची शाखा तुमच्या अमुक सरदाराला जोडून द्या. शेजारच्या शाखेत एक पुरुष निपुत्रिक दिसतो, त्याला दोन मुलगे देऊन टाका, त्याचं काय बिघडतं! हे गमतीने लिहीत नाहीत. सोबत पेढ्यांचा पुडा पाठवणारेही भेटले. अशांना मी नाही म्हणते, पण एक गोष्ट देते: दोन्ही शाखांचं कुलदैवत, उपाध्याय आणि मूळ गावातली जमीन यांपैकी दोन जुळले तर पुन्हा लिहा. एकदाच एकाने पुन्हा लिहिलं, आणि खरंच जुळलं. ती फांदी पुढच्या पुरवणीत येईल. सरदार मात्र त्यांच्या वाट्याला आले नाहीत, सरदाराचा थोरला भाऊ आला, जो कोठीवर होता.

चिकपेठेतल्या मुलाला लांब पत्र पाठवलं त्यात तीन पत्ते दिले होते. विधानसौधातलं राज्य पुराभिलेखागार, जिथे मी स्वतः जांभळ्या मेट्रोने पाच स्टेशनांत पोहोचते. नृपतुंग रस्त्यावरची १९०९ची मिथिक सोसायटी. आणि शहाजीराजांचा ध्यास सुटत नसेल तर मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर, जिथे एकोजीराजांनी देवाला गाव दिल्याचा १६६९चा लेख आहे. त्यात त्याच्या घराण्याचं नाव नाही, पण मराठी राजाने इथे दिलेलं दान बघून यावं. शेवटी नेहमीचं वाक्य: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचार, जावळ कुठे काढतात.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. पुराभिलेखागारात तो गेला नव्हता. मिथिक सोसायटीतही नाही. पण अज्जीला विचारलं होतं. तिने सांगितलं, आपल्या घरातल्या मुलांचं जावळ मैलारला. तिचे सासरे सांगत, पूर्वी बैलगाडीने जायचे, सगळी भाऊबंद एकत्र, आणि तिथे हडगलीकडची काही घरं आपल्यातलीच म्हणून जेवायला असत. हे त्याला फारसं महत्त्वाचं वाटलेलं नव्हतं, पत्राच्या खाली ताजा कलम म्हणून लिहिलं होतं. मी वर्षानुवर्षं अशा ताज्या कलमांची वाट बघते. जेजुरीचा खंडोबा आणि मैलारचा मैलार हे देव एकच मानतात, पण जेजुरीला जाणारं घर आणि मैलारला जाणारं घर वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेलं असू शकतं. म्हणजे पुण्याच्या दिशेने बघण्याआधी तुंगभद्रेकाठी बघायला हवं, सोंडूर तिथून फार लांब नाही.

तसं त्याला कळवलं आहे. माघातल्या जत्रेला जाऊ नकोस, तेव्हा पुजाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. एखाद्या साध्या रविवारी जा, अज्जीला घेऊन जा. भाऊबंद म्हणून जेवायला बसणाऱ्या त्या घरांची आडनावं तिच्याकडून आत्ताच लिहून घे, निघायच्या आधी. आणि रोखा बरोबर नेऊ नकोस, त्याचा फोटो ने.